हाडातले लोखंड आणि कातडीची खाज

(मिशन रविवारच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातपुड्यातल्या आपल्या कामाविषयी आपण दरवर्षी ऐकता. शाळा, वसतिगृहातली मुले, विहिरी, बालवाडी. यंदा पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तुमच्या ड्रेसिंगच्या खोलीतले काहीतरी सांगा." आता ड्रेसिंगच्या खोलीतले म्हणजे पू, रक्त आणि खाज. जेवणाआधी हे बोलू नये असे माझे मत आहे. पण आज प्रीतिभोजनाला उशीर आहे असे कळले, तेव्हा सांगते.

मी डॉक्टर नाही, परिचारिका आहे. जे सांगते ते डॉक्टरांकडून शिकलेले आणि रोज डोळ्यांनी पाहिलेले. विषय आहे शरीरात बसवलेल्या धातूची ॲलर्जी. ऐकायला शहरी वाटेल. डोंगरातल्या माणसांचा याच्याशी काय संबंध, असे मनात येईल. पण हल्ली डोंगरातही प्रत्येक पाड्यावर एकदोन माणसांच्या अंगात प्लेट नाहीतर रॉड असतोच. जीपगाड्या भरभरून चालतात, मोटारसायकलवर तिघेचौघे बसतात, मोहावरून, ताडावरून माणसे पडतात. पूर्वी बांबूच्या कामट्या बांधून मोडके हाड जसे जुळेल तसे जुळायचे आणि माणूस जन्मभर लंगडायचा. आता शस्त्रक्रिया होते. ही मोठी कृपा आहे, हे आधी सांगते, कारण पुढचे ऐकून कोणी प्लेटला घाबरू नये.

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची पावरा समाजाची बाई, तिशीच्या आतबाहेरची. नवराबायको ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. होळीला घरी परतताना घाटात जीप उलटली आणि हिची नडगी मोडली. शहरातल्या इस्पितळात प्लेट आणि स्क्रू घालून हाड बसवले. जखम छान भरली, टाके निघाले. दोन महिन्यांनी त्या व्रणाच्या बाजूने खाज सुरू झाली. आधी बारीक पुरळ, मग पाणी सुटू लागले, मग खपल्या. पंधरा दिवसांत नडगीवर हाताच्या पंजाएवढा चट्टा, आणि नवल म्हणजे मानेवर आणि कानामागेही तसेच पुरळ.

घरात काय झाले ते ऐका. भगताने सांगितले, अंगात लोखंड शिरले आहे, ते बाधते आहे. (पुढे कळले की भगत निम्मा तरी बरोबर होता.) सासूने तिचे ताट-तांब्या वेगळा केला. धाकटी मुलगी आजीपाशी निजू लागली. तोंडाने कोणी महारोग हा शब्द काढला नाही, पण वेगळे ताट म्हणजे काय हे त्या डोंगरात सांगावे लागत नाही. मग तालुक्याच्या गावी कोणा एका दवाखान्यात दाखवले. तिथे सांगितले, ही प्लेट ताबडतोब काढा आणि टायटेनियमची घाला, नाहीतर पाय जाईल. सासरे भला माणूस. सून वेगळ्या ताटात जेवत होती, तरी तिच्यासाठी त्यांनी बैलजोडी विकायला काढली. मृग लागायला आठ दिवस होते. गिऱ्हाईक ठरले, पैसे तेवढे हातात पडायचे होते. त्याच आठवड्यात त्यांच्या ओळखीच्या कोणीतरी त्यांना आमच्या दवाखान्यात आणले.

आमच्या डॉक्टरांची एक सवय मला फार आवडते. खाजेची तक्रार आली की ते ॲलर्जी हा शब्द सर्वांत शेवटी उच्चारतात. प्लेटवरची कातडी लाल झाली, पाणी आले, तर पहिला संशय जंतूंचा घ्यायचा. कारण जंतुसंसर्ग पुष्कळांना होतो आणि धातूची ॲलर्जी थोड्यांना. आत पू असेल आणि आपण ॲलर्जी समजून वरून स्टिरॉइडचे मलम चोळत बसलो, तर हाड कुजेल. म्हणून आधी ताप पाहिला, रक्त तपासले, एक्स-रे काढला, पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. ताप नव्हता. स्क्रू जागच्या जागी होते, हाड जुळू लागले होते. रक्तात जंतूंची खूण नव्हती.

मग महारोगाची तपासणी. ही सासू-सासऱ्यांना समोर बसवून केली, मुद्दाम. बाईला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने चट्ट्याला हलकेच स्पर्श केला. जिथे जिथे कापूस लागला, तिथे तिने बरोबर बोट ठेवले. कोपराच्या आणि गुडघ्याच्या बाजूच्या शिरा चाचपल्या, जाड नव्हत्या. महारोगाच्या चट्ट्याला बहुधा स्पर्श कळत नाही आणि तो असा खाजतही नाही. हिला तर खाजेने झोप नव्हती. आणि समजा महारोग असता, तरी ताट वेगळे करायला काही कारण नव्हते. तो ताटातून पसरत नाही, आणि त्याची औषधे सरकार फुकट देते. हे आपण मिशनच्या लोकांनी इतकी वर्षे सांगितले, तरी अजून सांगावे लागते.

तिसरा संशय मलमांचा. हा मी सविस्तर सांगते, कारण आपल्या घरोघरी ही चूक होते. जखम दिसली की आपण जे मलम घरात असेल ते लावतो. त्यांतल्या निओमायसिन, फ्रॅमायसेटिन, नायट्रोफ्युराझोन या औषधांचीच कित्येकांना ॲलर्जी असते. जखम बरी होत नाही म्हणून आणखी मलम लावायचे आणि मलमामुळे जखम आणखी चिघळायची. चिकटपट्टीनेही असे होते. तेव्हा पुरळ पट्टीच्या आकाराचे चौकोनी उठते. आणि आमच्या डोंगरात बिब्बा! हाड दुखले की बिब्ब्याचे तेल. मराठीत बिब्बा घालणे म्हणतात ते उगीच नाही. त्या तेलाने कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, आणि ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याचे तर सारे अंग उठते. आमच्या मावशी, म्हणजे वॉर्डातल्या आया, स्वतः पावरा. त्यांनी पावरीत खोदून खोदून विचारले. बिब्बा लावला नव्हता. झाडपाला लावला होता, पण तो पुरळ आल्यानंतर.

शेवटी मानेकडे लक्ष गेले. प्लेट पायात आणि पुरळ मानेवर, हे कसे? मावशींनी विचारले, "गळ्यात काय घालतेस?" ती हसली. म्हणाली, होळीत हसळी घातली की दरवर्षी मान खाजते, म्हणून खाली फडके गुंडाळते. कानातले घातले की कान ओले होतात, म्हणून काडी घालून ठेवते. तिच्या आईच्या गळ्यात चांदी होती. हिच्या गळ्यात भोंगऱ्या बाजारात घेतलेली पांढऱ्या धातूची हसळी.

इथे सारे कोडे सुटते. पूर्वी आमच्या बाया अंगभर चांदी घालत. चांदी महागली, दुष्काळात मोडली, सावकाराकडे गेली. तिच्या जागी आले गिलट आणि जर्मन सिल्व्हर. जर्मन सिल्व्हर या नावात चांदी आहे, धातूत नाही. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. घामातल्या क्षारांनी त्यातले निकेल थोडे थोडे सुटते आणि कातडीत शिरते. काही माणसांचे शरीर त्याला शत्रू समजून त्याची ओळख मनाशी ठेवते. अगदी पोलिसात फोटो लावून ठेवतात तशी. रक्तातल्या ठरावीक पांढऱ्या पेशी हे काम करतात. एकदा ओळख पटली की ती बहुधा जन्मभर राहते. पुढे केव्हाही निकेल भेटले की एकदोन दिवसांनी त्या जागी खाज, पुरळ आणि पाणी. लगेच नाही, एकदोन दिवसांनी, म्हणून तर कारण चटकन ध्यानात येत नाही. कान-नाक टोचताना असा दागिना घातला तर ओळख पटण्याची भीती अधिक, कारण तेव्हा धातू उघड्या जखमेतच असतो. युरोपात केलेल्या पाहण्यांत साधारण दर सात स्त्रियांमागे एकीला निकेलची ॲलर्जी आढळते, पुरुषांत बरीच कमी. दागिने कोण घालते, हे पाहिले की कारण कळते. तिकडे १९९४ साली कायदाच केला, की कातडीला सतत लागून राहणाऱ्या वस्तूंतून अमुक इतक्यापेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये.

आता प्लेट. हाडात घालतात ते स्टील साधे नसते. त्यात लोखंडाबरोबर सतराअठरा टक्के क्रोमियम आणि साधारण चौदा टक्के निकेल असते. म्हणजे निकेल आहे, आणि चांगले भरपूर आहे. पण क्रोमियममुळे त्याच्यावर एक अदृश्य पापुद्रा धरतो आणि तो निकेलला आत कोंडून ठेवतो. म्हणून निकेलची ॲलर्जी असलेल्या बहुतेक माणसांनाही स्टीलच्या प्लेटचा काही त्रास होत नाही. हे वाक्य मी पुन्हा म्हणते, कारण घरी जाऊन नेमके हेच विसरले जाईल: निकेलची ॲलर्जी असलेल्या बहुतेक माणसांनाही प्लेटचा त्रास होत नाही. थोड्यांना होतो. स्क्रू आणि प्लेट जिथे एकमेकांवर घासतात, तिथे पापुद्रा खरवडला जातो, महिनोन् महिने कण सुटत राहतात, आणि ज्याचे शरीर आधीच डूख धरून बसलेले असते ते उठते. मग पुरळ प्लेटवरच्या कातडीत येते, आणि कधी कधी जुन्या जागाही जाग्या होतात, जशी हिची मान.

आमच्या डॉक्टरांनी एक शिशी मागवून ठेवली आहे. त्यातला थेंब कापसावर घेऊन दागिन्यावर घासायचा; निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. हिची हसळी घासली, कापूस गुलाबी झाला. आईची चांदीची कडी घासली, नाही झाला. जेवणाचा स्टीलचा चमचा घासला, नाही झाला. सासू वाकून वाकून पाहत होती. मग तिने स्वतःच्या कानातले काढून मावशींच्या हातात दिले, "हेही बघ." तिथून पुढे दुपारभर आमच्या ओसरीवर हाच उद्योग.

पण हा दागिन्याचा पुरावा झाला, बाईचा नव्हे. त्यासाठी पॅच टेस्ट लागते. पाठीवर छोट्या छोट्या डब्यांत वेगवेगळे पदार्थ चिकटवतात, ४८ तास ठेवतात, काढून पाहतात, मग एकदोन दिवसांनी पुन्हा पाहतात, आणि धातूच्या बाबतीत सातव्या दिवशीही पाहतात, कारण काही धातू उशिरा बोलतात. योझेफ याडासोन या जर्मन त्वचातज्ज्ञाने १८९५ मध्ये ही पद्धत प्रथम लोकांपुढे मांडली. मला तिच्यामुळे नेहमी लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय आठवतो. आपण तो वाचताना कंटाळतो, खरे सांगा. चट्टा, केस, पांढरा, तांबूस. पण त्यात याजकाला काय सांगितले आहे पाहा. संशय असेल तर लगेच अशुद्ध ठरवू नको. सात दिवस थांब, पुन्हा पाहा, आणखी सात दिवस थांब, पुन्हा पाहा. माणसाचे ताट वेगळे करण्याआधी चौदा दिवस डोळे उघडे ठेवायचे. आमच्या पाड्यावर चौदा मिनिटेही कोणी थांबले नव्हते.

पाठीवर घाम आला की डब्या सुटतात, म्हणून चाचणी लगेच केली नाही. आधी मलमाने पुरळ आटोक्यात आणले आणि पावसाने जरा उसंत दिल्यावर तिला धुळ्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. आठवडाभर राहायचे, पाठ भिजवायची नाही, सोबत बोलायला कोणीतरी पावरी जाणणारे हवे. तो खर्च आणि मावशींचा तिथला मुक्काम आपण पाठवता त्या रुग्णनिधीतून झाला, म्हणून हा हिशेब आपल्यापुढे ठेवते. निकाल आला: निकेलला जोरात, कोबाल्टला किंचित, क्रोमियमला काही नाही.

मग प्लेट काढायची का? नाही. डॉक्टरांनी सासऱ्यांना साफ सांगितले, की हाड अजून कच्चे आहे, प्लेट काढली तर पुन्हा मोडेल. खाज सहन करता येते, मोडका पाय नाही. पाय जाईल वगैरे काही नाही. हाड पूर्ण जुळेपर्यंत मलम लावा, हसळी आणि कानातले काढून ठेवा, मग प्लेट काढू, आणि एकदा हाड जुळले की टायटेनियमचीही गरज नाही, कुठलीच नको. "बैल विकू नका," एवढे शेवटचे वाक्य मावशींनी पावरीत तीनदा सांगितले. बैल विकले नाहीत. त्या पावसाळ्यात त्यांची ज्वारी आणि मका वेळेवर पेरला गेला.

ताटाचे मात्र निकालाच्या कागदाने मिटले नाही. कागद कोण वाचणार? ते मिटवले मावशींनी. एकदा आरोग्याच्या फेरीला त्या पाड्यावर गेल्या, बाईच्याच ताटात तिच्यासोबत मक्याची भाकर आणि चटणी खाल्ली, आणि हात धुऊन सासूला म्हणाल्या, "आता माझेही ताट वेगळे कर." सासू खजील झाली. मुलगी त्या रात्री आईजवळ निजली.

सव्वा वर्षाने प्लेट काढली. पुढच्या दोन महिन्यांत नडगीवरचे पुरळ गेले, काळसर डाग राहिला आहे. डॉक्टर म्हणतात, खरा पुरावा हाच. पाठीवरची चाचणी एवढेच सांगते की या माणसाला निकेल चालत नाही. प्लेटनेच पुरळ आले की नाही, हे प्लेट निघाल्यावरच कळते.

आता थोडे आपल्याविषयी. या मंडळीत गुडघे बदललेले वडीलजन किती आहेत, ते गुडघे टेकण्याच्या प्रार्थनेला दिसतेच. गुडघ्याचा सांधा बहुधा कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचा असतो, त्यात निकेल अगदी थोडे. ॲलर्जीची भीती घालून महागडा सांधा विकण्याचे प्रकार शहरातही होतात, म्हणून एक आकडा लक्षात ठेवा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली, तेव्हा साधा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये आणि टायटेनियम किंवा झिर्कोनियमचा ७६,६०० रुपये ठरला होता, कर वेगळा. फरक थोडाथोडका नाही. ज्यांना नकली दागिन्याने, घड्याळाच्या पट्ट्याने किंवा जीन्सच्या बटणाने पुरळ येते, त्यांनी शस्त्रक्रियेआधी ते डॉक्टरांना जरूर सांगावे. ज्यांना असे कधीच झाले नाही, त्यांनी उगीच चाचण्या करत बसू नये. आणि सांधा दुखू लागला, लाल झाला, तर ॲलर्जीच्या आधी जंतुसंसर्ग आणि सांधा सैल होणे या दोन गोष्टी तपासून घ्याव्यात.

सांधा हाडाला चिकटवायचे सिमेंट असते, तेही काहींना बाधते. त्याच्याच जातीचे रसायन नखांवर चिकटवायच्या नकली नखांत असते. तरुण मुलींनी हे ऐकून ठेवावे. आज नखांपाशी खाज सुटली आणि शरीराने त्या रसायनाची ओळख ठेवली, तर चाळीस वर्षांनी गुडघ्यात किंवा दातात ती आठवण निघू शकते. मुली हसताहेत. हसा.

तांबीविषयीही आमच्याकडे बाया घाबरून विचारतात. तांब्याची खरी ॲलर्जी फारच विरळ. तांबी बसवली आणि हाताला खाज आली, तर नव्वद वेळा खरूजच निघते, असा आपला माझा अनुभव. तेव्हा कोणाच्या बोलण्यावरून तांबी काढू नये, नर्सला दाखवावे.

शेवटची विनंती, आणि ती पैशाची नाही. नाताळात आपण वसतिगृहातल्या मुलींसाठी पेट्या पाठवता. मुली वर्षभर वाट पाहतात. त्या पेट्यांत कानातले, अंगठ्या, पैंजण असतात, स्वस्तातले, चमकणारे. प्रेमाने पाठवलेले असतात, हे मी जाणते. पण गेल्या नाताळानंतर मी ती शिशी घेऊन बसले आणि निम्म्याहून अधिक कानातल्यांवर कापूस गुलाबी झाला. आठनऊ वर्षांच्या मुली, नुकते कान टोचलेले. तेव्हा या वर्षी काचेच्या बांगड्या पाठवा, मण्यांच्या माळा पाठवा, रेशमी गोंडे, रिबिनी पाठवा. कानात घालायचेच असेल तर प्लास्टिकचे किंवा खऱ्या चांदीचे अगदी बारीक, नाहीतर काहीच नको. कडुनिंबाची काडी त्यांच्या कानात छान दिसते.

स्वेटर मात्र जास्त पाठवा. तोरणमाळच्या बाजूला डिसेंबरात फार थंडी पडते, आणि मागच्या वेळचे सगळे लहान मापाचे निघाले. दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना होतील असे पाहा.